एकच खरं चित्र

आमच्या बेटावर कोणी अनोळखी माणूस लाँचमधून उतरला, की जेट्टीवर जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक तरी विचारायचा, "कोणाकडं?" साधाच प्रश्न. पण उत्तर नीट आलं नाही तर पाहुणा गावात पोहोचायच्या आधी त्याची बातमी पोहोचायची. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तर फारच. खाडीच्या अल्याड बोरिवलीत इमारती चढत होत्या आणि आमची भातशेती, आमची मिठागरं कोणाला तरी हवी आहेत, असं लाँचवर, बाजारात, बारशाला, मयताला सगळीकडं बोललं जायचं. कोणाला हवीत, कशाला हवीत, कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून भीती जास्त. पँट घातलेला, हातात फाईल असलेला माणूस म्हणजे मोजणीवाला. फाईल नसली तर फाईल पिशवीत लपवलेला मोजणीवाला.

अशा दिवसांत शाळेत ती ताई आली.

मी कमी बोलणारी बाई आहे. पन्नाशी उलटली, बोरिवलीत संसार झाला, मुलं मोठी झाली, आणि हे सगळं मी नवऱ्यालासुद्धा मागच्या वर्षापर्यंत सांगितलं नव्हतं. आमच्या शेजारच्या घरात माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याच्या बापानं त्याला जे द्यायचं, ते दिलं नाही. ते माझ्यामुळं. काय द्यायचं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

समुद्राच्या तळाशी जागोजाग खडक असतात. आम्ही त्याला खडप म्हणतो. मोठी मासळी खडपाला धरून राहते. वरून बघाल तर नुसतं पाणी, खडप काही दिसत नाही. ते सापडतं किनाऱ्यावरच्या खुणांवरून. होडीतून बघताना एका अंगाला दोन गोष्टी एका रेषेत आल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या अंगाला आणखी दोन. दोन्हीकडं जुळलं की गळ सोडायचा. कुठल्या दोन आणि कुठल्या दोन, ते ज्याच्या घरचं त्यालाच माहीत. बाप मुलाला खुणा देतो, पण सगळ्या एकदम नाही देत. पोरगा जरा शहाणा झाला की पहिली. ती त्यानं पोटात ठेवली, मित्राला, मामाला, कोणाला बोलला नाही, की वर्ष-दोन वर्षांनी दुसरी. असं करत बापाचे हात थकेपर्यंत सगळ्या पोराकडं येतात. मुलींना देत नाहीत, कारण मुलगी लग्न होऊन जाते. माझी आजी म्हणायची, "खूण म्हंजे लेक नाय, दुसऱ्याच्या घरी द्यायला."

शेजारच्यांची होडी लहान, बिनइंजिनाची. पण त्या माणसाकडं खुणा होत्या. कोणी म्हणे चार, कोणी म्हणे नऊ. तो कधी हो म्हणाला नाही, कधी नाही म्हणाला नाही. आमच्या होडीला नुकतंच इंजिन लागलं होतं आणि माझा बाप संध्याकाळी किनाऱ्यावर उभा राहून त्याची टोपली उतरताना बघायचा. मग घरी येऊन म्हणायचा, "इंजिन आपल्याकं, मासली त्याच्याकं." हसत म्हणायचा, पण हसणं लवकर संपायचं.

त्या वर्षी नारळी पुनवेनंतर त्या मुलानं मला बोंबील सुकवायच्या वलांडीखाली गाठलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "मना दिली."

"काय?"

"खूण. पयली."

"कुठली?"

"येडी हाय कं गो तू?" असं म्हणून तो पळाला. बरोबरच होतं त्याचं. विचारायचं नसतं. पण त्या दिवसापासून तो चालायला लागला वेगळा, छाती काढून, त्याच्या बापासारखा.

आता ताईचं सांगते. ती घाटकोपरची. कुठल्याशा मंडळातर्फे आली होती. बेटावरच्या शाळकरी मुलांनी आपल्या गावाचा वारसा गोळा करायचा, चित्रं काढायची, जुनी गाणी, गोष्टी, वस्तू आणायच्या, आणि मग शाळेच्या मोठ्या खोलीत प्रदर्शन भरवायचं, असं काम. कॉलेज नुकतंच संपलेलं असावं. खांद्याला झोळी, झोळीत रंग, आणि एक टेपरेकॉर्डर. हेडमास्तरांनी तिला गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटवलं. आमच्याच ओटीवर बसली होती सगळी. कोणीतरी विचारलं, "आडनाव काय बाई तुमचं?" तिनं सांगितलं. ओटीवरचा एक म्हातारा जरा मागं सरकून बसला. मग आजीनं चहा दिला, पण घरातल्या कपात नाही, वेगळ्या ग्लासात. त्या ग्लासाचा अर्थ मला मोठी झाल्यावर कळला. तिला तेव्हाच कळला असणार. ती चहा प्यायली आणि म्हणाली, "छान झालाय, आजी."

ती गेल्यावर बापानं पहिला प्रश्न केला. "विहिरी कशाला पायजेत तिला?"

"मुलांनी चित्रं काढायचीत म्हणे विहिरींची," आई म्हणाली.

"आज चित्र काढतील, उद्या पंप लावतील. शेतांची नावं विचारते. देवाच्या जागा विचारते. आपली पोरंच सगला गाव मोजून देतील तिला फुकटात."

हे एकट्या आमच्या घरी नाही, घरोघरी झालं. पण हेडमास्तरांशी कोणाला वाकडं घ्यायचं नव्हतं, शाळा तर हवी होती. मग गावानं काय केलं? गाव खोटं बोलायला लागलं. कोणी बैठक घेतली नाही, कोणी ठरवलं नाही, पण आठ दिवसांत सगळ्यांचं एकमत झालेलं. पोरं घरी विचारायला गेली की मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं वाट्टेल ते सांगायची. गोड्या विहिरीला खारी म्हणून सांगितलं आणि खारीला गोडी. ज्या शेताला पिढ्यान्‌पिढ्या एक नाव, त्याला भलतंच. एका आजोबांनी नातवाला सांगितलं की आपण मूळचे इथले नाहीच, वादळात वाहून आलो, तेव्हा जमीन कोणाची हे आपल्याला काय माहीत. नातवानं तो निबंध सुंदर अक्षरात लिहिला.

माझ्या आजीला ताईनं टेपरेकॉर्डरसमोर बसवलं. "आजी, हळदीचं एखादं जुनं गाणं म्हणा ना." आजीला हळदीची इतकी गाणी यायची की रात्र पुरायची नाही. पण तिनं त्या दुपारी जागच्या जागी एक नवंच रचलं. त्यात बोरिवलीच्या भाजीवाल्याला शिव्या होत्या, आमच्या बोलीत, चालीत बसवलेल्या. ताईला बोली कळत नव्हती. ती डोळे मिटून मान डोलवत होती. आम्ही पोरी तोंडात ओढणी कोंबून बसलेल्या. आजी शेवटी म्हणाली, "लय जुना हाय बाय, माज्या आजीच्या आजीचा." कुठल्यातरी पेटीत ती टेप आजही असेल, वर 'पारंपरिक' असं लिहिलेली.

हसू येतं आठवून. पण तेव्हा हसण्याखाली दुसरंच काही होतं. आम्ही मुलंसुद्धा ताईकडं संशयानं बघायला शिकलो. ती खिडकीतून बाहेर बघायला लागली की आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसायचो, बघ, काय बघते. तिनं चप्पल काढून वाळूत पाय बुडवले तर म्हणे खोली बघते. ती आमच्याशी इतकी गोड का वागते, हाच तिच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप.

तरी चित्रांचा तास मला हवाहवासा वाटायचा, हेही खरं. मला हात होता. घरी कोणाला त्याचं काही नव्हतं. बाप म्हणायचा, "कागद खराब करू नको." ताई मात्र माझा कागद उचलून उजेडात धरायची.

पहिल्या दिवशी सगळ्या वर्गानं एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक नारळाचं झाड, एक झोपडी. ताई कपाळाला हात लावून हसली. "अरे, हे तर माझ्या घाटकोपरची मुलं पण काढतात! पाठ केलेलं नको. डोळे मिटा. मिटलेत? आता जे दिसतंय ना, ते काढा. तुमचं, तुमच्या डोळ्यांचं."

आम्ही चोरून एकमेकींकडं बघत बसलो. त्या मुलानं मात्र खरंच डोळे मिटले. आणि तिथंच त्याचा घात झाला. गेले कित्येक दिवस त्याचा बाप त्याला होडीत बसवून हेच करून घेत होता. डोळे मिट, बोल, कशाच्या वर काय, कशाच्या डाव्या हाताला काय. चुकला की पाठीत धपाटा. जगात दुसरी कुठलीही गोष्ट त्या पोराला इतकी चोख पाठ नव्हती. त्यानं डोळे उघडले आणि आडवा कागद घेऊन सरळ काढायला लागला. पाठमोरा बाप, होडीची पुढची निमुळती नाळ, आणि पलीकडं आख्खा किनारा. चर्चचा क्रूस, वाकडा माड, दक्षिणेकडं डोंगराची खोबण आणि तिच्यात छोटं देऊळ. सगळं जिथल्या तिथं.

त्याला वाटलं का, की आपण काहीतरी सांगून टाकतोय? नाही वाटलं. शपथेवर सांगते, नाही. खूण बोलायची नसते. एवढंच त्याला शिकवलेलं. तो एक शब्द बोलला नव्हता. गावातल्या एकाही माणसाला चित्राची भीती वाटली नव्हती. भीती होती ती नावांची, मोजणीची. चित्र म्हणजे काय, पोरांचा खेळ. विहिरींची नावं सगळी खोटी, गाणी खोटी, गोष्टी खोट्या, आणि त्या सगळ्या खोट्याच्या मधोमध भिंतीवर लागलेलं हे एकच खरं चित्र.

प्रदर्शनाला पुरुष गेलेच नाहीत. जायचं नाही, असं जेट्टीवर ठरलं होतं. तो मुलगा दोनदा त्याच्या बापाला म्हणाला, "चला ना बघाला." बाप म्हणाला, "त्या बाईच्या जाल्यात मी नाय येणार." काही बायका गेल्या, हसून आल्या.

मी घरी जेवताना सहज बोलले. खरंच सहज. म्हटलं, "माझ्यापेक्षा त्याचंच चित्र छान आलंय. होडीतून गाव कसं दिसतं ते काढलंय त्यानं."

बापाचा घास हातातच राहिला. "होडीतून?"

"हां. त्याचा बापूस पण हाय त्यात. पाठमोरा."

"क्रूस हाय?"

"हाय की. वाकड्या माडाच्या बरोबर डोक्यावर."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर ताटात घातली. बाप उठला, हात धुतले, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याचं एक पान फाडलं आणि कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवलं. पेन्सिलही त्यानंच शोधून आणली. मग दार लोटून घेतलं. "काढून दाखव बघू. तुला येते ना चित्रकला?"

आता हे लिहायलाच बसले आहे, तर पुरतं लिहिते. बारा वर्षांची मुलगी, तिला काय कळतंय, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. कळत होतं. दार लोटलं तेव्हाच कळलं. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा मला चित्र काढायला सांगितलं होतं, आणि तो माझ्या खांद्याशी वाकून, श्वास रोखून बघत होता. मी काढलं. चांगलं काढलं. त्यानं बोट ठेवून विचारलं, "देऊल खोबणीच्या मदी हाय, कं एका अंगाला?" मला ते आठवेना. तो म्हणाला, "उद्या नीट बघून ये. शाणी माझी पोर."

आणि मी दुसऱ्या दिवशी गेले. पहिल्या वेळेचं एक वेळ सोडून द्या, तोंडातून निघून गेलं. ही दुसरी वेळ. शाळा सुटल्यावर मी त्या चित्रासमोर उभी राहिले, देऊळ खोबणीत कुठं बसतं ते डोळ्यांत भरून घेत. ताई मागून आली. "आवडलं ना? मला पण. बघ, नीट बघ. कसं काढलंय त्यानं, जणू उद्या तिथं परत जायचंय."

घरी येऊन सांगितलं, डाव्या अंगाला, कडेला चिकटून.

शिमग्याच्या आसपास आमच्या घरी टोपली जड यायला लागली. बाप पहाटे सगळ्यांच्या आधी निघायचा, किनारा दिसण्यापुरतं उजाडलं की खूण जुळवायचा आणि बाकीच्या होड्या यायच्या आत तिथून दूर व्हायचा. पण समुद्रावर गुपित फार दिवस राहत नाही. शेजाऱ्याला त्याच्या खडपावर दुसऱ्याच्या गळाची तुटलेली दोरी अडकलेली मिळाली. तो ती दोरी घेऊन थेट पाटलाच्या अंगणात गेला.

आमच्याकडं अशा वेळी नारळ ठेवायची रीत होती. अंगणात पाटावर नारळ, हळदकुंकू, आणि होडी असलेल्या एकेका माणसानं येऊन त्यावर हात ठेवून बोलायचं. शब्द ठरलेले. मी याच्या होडीच्या मागं गेलो नाही, याच्या घरच्या माणसाला विचारलं नाही, याची दोरी मोजली नाही. दोरीच्या लांबीवरून खडप किती खोल ते कळतं. खूण चोरायचे तेवढेच रस्ते आजवर माणसाला माहीत होते. संध्याकाळची वेळ, आख्खं गाव जमलेलं. बायका-पोरं भिंतीच्या कडेनं. बायकांना, पोरांना नारळावर हात ठेवायला कोणी बोलवत नाही.

माझ्या बापाची पाळी आली. मला वाटलं, आता त्याचा आवाज कापेल. नाही कापला. मोठ्यानं, स्पष्ट, एकेक शब्द बोलला. होडीच्या मागं गेलो नाय. घरच्या माणसाला विचारला नाय. दोरी मोजली नाय. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, "खोटा बोललो कं मी?" आई चुलीत फुंकर घालत राहिली.

अंगणात सगळे हात ठेवून झाले. कोणीच खोटं ठरलं नाही. मग उरलं कोण? उरला तो मुलगा. त्याचा बाप त्याच्याकडं वळला. "तू बोललास."

"नाय, बाबा."

"कोणाला बोललास?"

"नाय बोललो. कोणालाच नाय."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "ती घाटकोपरची पोरगी शाळेत रोज पोरांना बोलतं करते ना. तिलाच बोलला असेल." आणि एकदम सगळ्या अंगणाला पटलं. आधीपासूनच पटलेलं होतं, फक्त जागा मिळाली. ती कंपन्यांना समुद्र विकणार, ती बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांना सांगणार, टेपमध्ये सगळं भरून नेलं, असं कोणी काय, कोणी काय. मुलगा ओरडत होता, "ताईनं इचारलाच नाय मना!" पण त्याच्या बापानं त्याला दंडाला धरून नेलं. तेव्हा एक शब्द मी बोलायचा होता. माझी आई माझ्या मागं उभी होती. तिनं मला अडवलं नाही. तिनं हातसुद्धा लावला नाही. मी आपण होऊन गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी भिंती रिकाम्या केल्या. ताई चित्रांची गुंडाळी घ्यायला आली तेव्हा जेट्टीवर तिला कोणी "कोणाकडं?" असंही विचारलं नाही. मी शाळेच्या पायरीवर होते. ती माझ्यासमोर थांबली. "तू त्या चित्रासमोर फार वेळ उभी होतीस," ती म्हणाली. एवढंच. प्रश्न नव्हता तो. मी म्हटलं, "मला आवडलं होतं." ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्याकडं तसं संशयानं त्या गावात तोवर कोणी बघितलं नव्हतं, आणि बघायला हवं होतं ते तिनं एकटीनं बघितलं. मग लाँचकडं गेली. परत आली नाही.

त्या मुलाला शाळेतून काढलं नाही कोणी. पण बापानं त्याला होडीत घेणं बंद केलं. होडीवर दुसऱ्या कोणाच्या तरी पोराला घ्यायचा, दोरी धरायला, आणि त्याला डोळे बांधल्यासारखा पाठ फिरवून बसवायचा. आपल्या पोराला मात्र नाही. दहावीनंतर तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागला, लेथवर. रोज पहाटेची पहिली लाँच. वलांडीपाशी मी कधी समोर आले तर मान हलवायचा. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. तेच सहन व्हायचं नाही. मी लग्न करून खाडीच्या या बाजूला आले ते जवळजवळ पळूनच.

त्याचा बाप गेला त्याला बरीच वर्षं झाली. माझा बाप मागच्या वर्षी गेला. दिवस घालायला बेटावर गेले तेव्हा तो आला होता, केस पिकलेले, हाताची दोन बोटं मशीननं घेतलेली. सगळे जेवून गेल्यावर मी त्याला मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं. कॅलेंडरचं पान, खोबण, देऊळ, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघणं, सगळं.

तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "चित्र?"

"हां. शाळेतलं."

"म्हंजे मीच दिली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला मोकळं करायचं म्हणून जपून ठेवलेलं, आणि ते त्याच्या हातात पडताच सुरी झालं. तो आयुष्यभर 'मी नाय बोललो' एवढ्या एका गोष्टीवर उभा होता. मी घाईघाईनं म्हटलं, "तू काढलंस रे. सांगितलं मी. तुला काय माहीत होतं? मला माहीत होतं."

"बापसानं मना पुढची एक पण नाय दिली," तो म्हणाला. "दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी म्हटलं, बाबा, आता तरी. तो भिंतीकडं तोंड करून झोपला. सगल्या घेऊन गेला." मग उठला. "चल. आईसला सांग. जसं मना सांगितलंस तसंच."

त्याची आई खाटेवर बसली होती. खूप म्हातारी, पण कान शाबूत. मी खाली जमिनीवर बसून पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या हातांकडं, पर्सकडं, चपलांकडं बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आता काय पायजे तुना?"

"काही नको, काकी."

"मंग आता कशाला सांगतेस? बापूस मेल्यावर? जागेचं काय हाय कं? हद्दीवर सही पायजे?"

"नाही हो काकी. खरंच."

"तुझ्या बापसानं नारलावर हात ठेवला होता. मी उभी होते तिथं. नारल घेऊन कोणी खोटा बोलत नाय. तू बोलतेस." आणि मुलाला म्हणाली, "हिला चा दे आन पाठव."

मी त्याच्याकडं बघितलं. तो चक्क हसायला लागला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघितलंस? मी आयुष्यभर सांगतो, मी नाय बोललो, ते खोटा. आता तू सांगतेस, मी बोलले, तर ते पण खोटा!"

त्यानंतर मी दर थोड्या दिवसांनी जाते. लाँचनं जाते, खाटेशी बसते, तेच सांगते. तीही तेच विचारते, काय पायजे. मुलगा पलीकडं मोबाइल बघत बसतो, पण ऐकत असतो. मला काय पाहिजे, ते मलाही आता नीट सांगता येत नाही. तिचा संशय अगदीच खोटा आहे असं नाही. मला काहीतरी हवंच आहे.

मागच्या खेपेला तिनं मधेच थांबवलं. "थांब. तुझा बापूस पयल्यांदा तिथं कवा गेला?"

"शिमग्याच्या आसपास."

"आन काय आनला?"

"घोळ."

"खोटा." तिनं खाटेवर हात आपटला. "शिमग्याला त्या खडपावर घोल नसतेच. घोल पावसाल्यानंतर येते. ह्यांनी कवा आनलीच नाय त्या वक्ताला."

आणि मग आठवलं. आईनं अंगणात राख पसरली होती. राखेत हात माखून ती काहीतरी लांब, निसरडं, वळवळणारं धरत होती आणि ते पुन्हा पुन्हा निसटत होतं, आणि बाप दारात उभा राहून हसत होता. घोळ आली ती पुढच्या पावसाळ्यानंतर, नारळ ठेवून झाल्यावरही बाप तिथं जातच होता. पहिल्या दिवशीची ती नव्हती.

"वाम," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी वाम आणली होती, काकी. मोठ्या. आईच्या हातात राहत नव्हत्या."

"शिमग्याला हे पण वामच आनायचे," म्हातारी स्वतःशीच म्हणाली. तिचा हात खाटेवर तसाच होता. बाहेर कोणीतरी होडी वर ओढत होतं, त्याच्या आरोळ्या येत होत्या. मग तिनं मान हळूहळू वळवली आणि आपल्या मुलाकडं बघितलं.